‘एकवीस दिवसांत कुत्रा मुठीत’ : माझे ४५,७०० रुपये कसे गेले

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांनी एकदाच हसून घ्यावं. ४५,७०० रुपये. बुकिंगला १०,०००, डॉग ट्रेनर कुत्रा घेऊन गेला त्या दिवशी १८,०००, मध्येच ‘बिहेवियर असेसमेंट’चे ३,५००, ‘स्पेशल डाएट’चे ४,२००, आणि परत आणून सोडताना सोसायटीच्या गेटवरच उरलेले १०,०००. सगळे यूपीआयने, तीन वेगवेगळ्या नावांवर. पावती एकाचीही नाही.

आणि मी नोकरी कुठे करतो? बँकेत. काउंटरवर बसून रोज लोकांना सांगतो, काका, ओटीपी कुणाला देऊ नका. इथे ओटीपी कुणी मागितलाच नाही. मीच दिले, थँक्यू म्हणत.

बंड्या आमचा गावठी, पार्किंगमध्ये जन्मलेला. वाईट खोड एकच, लिफ्टचं दार वाजलं की भुंकायचा. खालच्या मजल्यावरून दोनदा तक्रार झाली, मग सेक्रेटरींनी ‘कुत्रा काढा’ अशी नोटीस चिकटवली. (सोसायटीला असं करता येत नाही. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५ चं परिपत्रक आहे. मला ते नंतर कळलं, जसं सगळंच नंतर कळलं.) आई एकाहत्तरची, दिवसभर घरात तीच. रोज कुणीतरी तिला येऊन बोलायचं. अशा वेळी माणूस डोकं चालवत नाही, फोन चालवतो.

इन्स्टाग्रामवर हा ट्रेनर सापडला. मिलिटरी छापाची पँट, गॉगल, भिंतीवरून उडी मारणारा कुत्रा, भिंतीवर लॅमिनेट केलेली सर्टिफिकेटं. ही दुकानं कशी असतात ते तुम्हाला माहीत आहे, मलाही होतं. पण तो बोलायला गोड. ‘सर, तुमच्या घरात अल्फा तो झालाय, तुम्ही नाही. एकवीस दिवस माझ्याकडे द्या. गॅरंटी.’

गॅरंटी! जिवंत जनावराच्या वागण्याची गॅरंटी कोण देतं? असा शब्द ऐकला की फोन ठेवा. आणि ते ‘अल्फा’चं, म्हणजे कळपात एकच बॉस असतो आणि बाकीचे त्याला दबून राहतात याचं, पुराण मी आता रात्री जागून वाचलं. १९४७ साली एकाने प्राणिसंग्रहालयात कोंडलेले लांडगे बघून ते मांडलं. डेव्हिड मीच (Mech) नावाच्या ज्या शास्त्रज्ञाच्या लिखाणातून ते जगभर पसरलं, त्यानेच १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला लांडग्यांचा कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, बाकी काही नाही. आमच्याकडे मात्र अजून त्यावर हजारो रुपये उकळतात.

आता तो क्षण. हा आठवला की अजून कानशिलं तापतात.

जायच्या आठवडाभर आधी बंड्याला गोचीड ताप झाला होता. सलाइन लावायला डॉक्टरांनी उजव्या पुढच्या पायावरचे केस काढले होते, काडेपेटीएवढा गुलाबी चौकोन. रोज संध्याकाळी साडेसातला व्हिडिओ यायचा. बंड्या बसतोय, बंड्या झोपतोय, बंड्या दारापाशी गप्प. मी ऑफिसात दाखवत फिरायचो. सतराव्या दिवशी आईने फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, ‘अरे, याचे पायाचे केस अजून उगवले नाहीत का रे?’

मी काय म्हणालो? ‘आई, तुला काय कळतंय त्यातलं.’

सतरा दिवस झाले होते. त्या चौकोनावर एक खुंटसुद्धा नव्हता. सगळे व्हिडिओ पहिल्या एक-दोन दिवसांत काढून ठेवलेले, रोज एक पाठवायचा. आईला मोतीबिंदू आहे, तरी तिला दिसलं. त्याच व्हिडिओत बंड्याची शेपटी पोटाखाली होती, कान मागे, आणि तो सारखी जीभ फिरवत होता. गळ्यात काळी डबी. विचारलं तर म्हणाला, ‘जीपीएस आहे सर.’ मी विश्वास ठेवला. कारण २८,००० आधीच गेलेले होते, आणि गेलेल्या पैशांवर माणूस विश्वास ठेवतोच, नाहीतर झोप कशी लागणार?

घरी आला तेव्हा चौकोनावर केस आलेले होते. गळ्याखाली मात्र दोन खड्डे, बोटभर अंतरावर, पू झालेला. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, शॉक कॉलर, आणि तोही दिवसदिवस काढलेला नाही. औषधांचे २,८५०, ते वेगळेच. भुंकणं थांबलं, हे खरं. आता मायक्रोवेव्हचं ‘टीट’ वाजलं की बंड्या दिवाणाखाली सरपटतो आणि तिथेच मुततो. शॉक द्यायच्या आधी ती डबी तसाच आवाज करत असणार.

चौकीत गेलो. ‘कुत्र्याची तक्रार? साहेब, इथे माणसांच्या पेंडिंग आहेत.’ दुसऱ्यांदा गेलो तर हा सिव्हिल मॅटर. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तर म्हणे तुम्हीच स्वतःहून पैसे पाठवलेत, सेवा दिली नाही ही तक्रार आमच्याकडे येत नाही. मग प्राण्यांवरच्या क्रूरतेचा कायदा काढला, १९६० चा, कलम ११. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. टायपो नाही, पन्नासच. दोन कटिंग आणि एक वडापाव. नव्या न्याय संहितेचं कलम ३२५ दाखवलं, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हवालदार म्हणाले, ‘त्यात जनावर मारलं किंवा अपंग केलं पाहिजे. तुमचा तर चालतोय.’ चालतोय! १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर कंपनीचं नाव विचारलं. कंपनीच नाही, तर नाव कुठून आणू? तक्रार बंद. आणि या सगळ्याच्या मुळाशी काय, तर आपल्याकडे डॉग ट्रेनर व्हायला कसलाही परवाना लागत नाही. उद्या मीही गॉगल लावून बसू शकतो.

आता जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, हे एका वकिलानेच पंधरा हजार मागून झाल्यावर सांगितलं. त्यासाठी स्क्रीनशॉट लागतात. मी अर्धे रागात डिलीट केले होते. तुम्ही करू नका.

कुत्रा राहायला पाठवू नका. शिकवणं तुमच्या डोळ्यांसमोर, तुमच्या घरात झालं पाहिजे. ट्रेनरला दोनच गोष्टी विचारा : कुत्र्याने बरोबर केलं तर काय करता, आणि चुकला तर काय करता? दुसऱ्या प्रश्नाला ‘करेक्शन’, ‘बॅलन्स्ड’, ‘प्रेशर’ असली मोघम उत्तरं आली तर चहा पाजून वाटेला लावा. सर्टिफिकेटचा फोटो नको, देणाऱ्या संस्थेच्या यादीत नाव शोधा. नावापुढे सीपीडीटी-केए (ट्रेनरची परीक्षा पास झाल्याची खूण) लावणाऱ्यांची यादी ती देणाऱ्या संस्थेच्या साइटवर असते, पाच मिनिटांचं काम आहे. मी नाही केलं.

सध्या एक ताई येतात, तासाचे १,२००, पावतीसह. पहिल्या दिवशी त्यांनी बंड्याला हातही लावला नाही, आधी डॉक्टरांचे कागद मागितले. मग उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे घेऊन भिंतीला टेकून बसल्या, त्याच्याकडे न बघता. चाळीस मिनिटांनी तो दिवाणाखालून निम्मा बाहेर आला. मायक्रोवेव्ह मात्र आईने कपाटात ठेवून दिलाय, दूध गॅसवर तापतं.

त्या माणसाने पेजचं नाव बदललंय. ‘सक्सेस स्टोरी’ म्हणून बंड्याचा व्हिडिओ वरच लावलाय, एवढ्यातच बघितला. दारापाशी गप्प बसलेला तपकिरी गावठी कुत्रा, उजव्या पुढच्या पायावर गुलाबी चौकोन. तो दिसला तर पैसे पाठवू नका.