ट्विन ब्लॉक की हर्ब्स्ट? आधी मुलाचा स्वभाव बघा

खालचा जबडा मागे राहिला आणि वरचे दात पुढे आले, अशा मुलाला ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांकडे, नेलं की बहुतेक वेळा ट्विन ब्लॉक किंवा हर्ब्स्ट या तोंडात बसवायच्या साधनांपैकी एकाचं नाव कानावर पडतं. जबडा पुढे धरून ठेवायचं काम दोन्ही करतात. फरक एवढाच की एक काढता येतो, दुसरा नाही. आणि माझ्या मते निर्णय याच फरकावर घ्यावा.

ट्विन ब्लॉक स्कॉटलंडच्या डॉ. विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये तयार केला. वर एक, खाली एक अशा ॲक्रिलिकच्या दोन प्लेट्स. त्यांवरचे तिरपे ठोकळे असे बसतात, की तोंड मिटताना जबडा आपोआप पुढे येतो. मात्र तो जवळजवळ दिवसभर, शक्यतो जेवतानाही, घालावा लागतो. पहिले काही दिवस बोलणं बोबडं होतं, लाळ सुटते. शाळेत कोणी हसलं की प्लेट खिशात जाते आणि तिथेच राहते.

हर्ब्स्ट दाढांवर पक्का बसवतात. दोन्ही बाजूंना सरकणाऱ्या दांड्या असतात. विसरायचा प्रश्नच नाही. पण तुटफूट होते, दुरुस्तीच्या खेपा वाढतात, ब्रश करायला त्रास होतो. दवाखाना दूरच्या गावात असेल तर याचा विचार आधीच करा.

इंग्लंडमध्ये ११ ते १४ वर्षांच्या मुलांवर झालेली, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी मला फार मोलाची वाटते. शेवटी जबड्यात आणि दातांत झालेला बदल दोन्हीकडे जवळपास सारखाच होता. पण ट्विन ब्लॉकच्या गटातल्या सुमारे एक तृतीयांश मुलांनी उपचार अर्धवट सोडले, हर्ब्स्टच्या गटात हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणून सांगितलेलं ऐकणाऱ्या मुलाला ट्विन ब्लॉक द्या. वस्तू हरवणाऱ्या, कंटाळणाऱ्या मुलाला हर्ब्स्ट. मूल स्वतः काय म्हणतं, तेही विचारा. घालायचं त्यालाच आहे.

यातून जबडा भराभर वाढेल अशी आशा मात्र धरू नका. सुधारणेचा मोठा भाग दात सरकण्यातून येतो आणि पुढे बहुधा तारा लावाव्या लागतातच. आठव्या-नवव्या वर्षी घाई करण्याचं सबळ कारण एकच: मूल पडलं-धडपडलं तर पुढे आलेले दात फुटण्याची भीती. एरवी वयात येतानाच्या वाढीची वाट बघितली तरी चालतं. मुलींमध्ये ती आधी येते.

खालचे दात वरच्यांच्या पुढे येत असतील तर ही दोन्ही साधनं उपयोगाची नाहीत. तिथे फेसमास्क, म्हणजे चेहऱ्यावर बाहेरून लावून वरचा जबडा पुढे ओढणारं साधन, लागतो, आणि तो साधारण दहाव्या वर्षाच्या आत सुरू केला तर चांगला गुण येतो.