शुरमन रॉक की यूडब्ल्यू रॉक?

सह्याद्रीत थोडंफार प्रस्तरारोहण केलेला माणूस नोकरीसाठी सिएटलला आला, की पहिल्या उन्हाळ्यातच विचारतो: डोंगर गाठायला वेळ नाही, शहरातच चढायला काही आहे का? आहे. दोन कातळ आहेत, दोन्ही उघड्यावर आणि दोन्ही माणसाने बांधलेले. चढायला पैसे पडत नाहीत. पण ते शिकवतात वेगवेगळं.

वेस्ट सिएटलच्या कँप लाँग या उद्यानातला शुरमन रॉक 1938-39 मध्ये सरकारी रोजगार योजनेतून उभा राहिला. क्लार्क शुरमन हा स्काउट मास्तर आणि माउंट रेनियरवरचा वाटाड्या. डोंगरात जे जे भेटतं ते सगळं त्याने दगड आणि सिमेंटच्या या एका ढिगात बसवलं: चिमणी (अंग शिरेल एवढी उभी फट), कंगोरे, बाहेर झुकलेला कातळ, पाय टेकवायला खोबणी. शेजारी हिमनदीवर पावलं टाकायची सवय व्हावी म्हणून दगडी उतारही बांधलाय! पुढे 1963 मध्ये एव्हरेस्टवर पोचलेला पहिला अमेरिकन, जिम व्हिटाकर, पोरवयात इथेच सरावला. इथे वर जाण्याइतकंच खाली उतरणंही शिकता येतं, आणि आपल्याकडे घसरतात ते बहुतेक उतरतानाच. पोरांसाठी तर डोळे मिटून हाच निवडा. तुम्ही दोर सांभाळत असताना बाकीचं घर झाडीत हिंडू शकतं. भाड्याने मिळणाऱ्या दहा लाकडी खोल्या आहेत, त्यामुळे शहरातच मुक्कामही होतो. अडचण एकच, उद्यानाच्या वेळा पाळाव्या लागतात. त्या आधी बघून निघा.

यूडब्ल्यू रॉक म्हणजे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या (यूडब्ल्यू) हस्की स्टेडियमच्या दक्षिणेला, पार्किंगच्या कडेला 1970च्या दशकात उभारलेल्या काँक्रीटच्या भिंती. दिसायला अगदी रुक्ष, पुलाचं काम अर्धवट टाकून गेल्यासारख्या. पण त्यातल्या भेगा! बोटांच्या, मुठीच्या, तिरक्या. भेगेत हात अडकवून वजन पेलायचं तंत्र शिकायला यापेक्षा बरी जागा शहरात मला सापडली नाही. भिंतीत बसवलेले दगड मात्र इतक्या वर्षांच्या हातापायांनी गुळगुळीत झालेत. क्लाइंबिंग जिममधल्या रंगीत पकडींवर मिळवलेला तोरा इथे पहिल्या पाच मिनिटांत उतरतो. फाटक नाही, वेळेचं बंधन नाही. लाइट रेलचं स्टेशन स्टेडियमला लागूनच आहे, त्यामुळे ऑफिस सुटल्यावर थेट येता येतं. शरद ऋतूत फुटबॉल सामन्याच्या दिवशी मात्र गाडी घेऊन फिरकू नका. दोर नसेल तर क्रॅश पॅड (खाली पसरायची जाड गादी) आणा, आणि एकट्याने उंच जाऊ नका.

पुढे रेनियरचा विचार असेल किंवा बरोबर मुलं असतील, तर शुरमन. बोटांत ताकद हवी असेल आणि हाताशी तासभरच असेल, तर यूडब्ल्यू. माझे बुधवार यूडब्ल्यूला जातात, रविवारी डबा घेऊन कँप लाँग. नोव्हेंबर ते मार्च दोन्हीकडे बहुधा ओलच असते, तेव्हा गुमान जिमची वर्गणी भरते.