महागडं खाद्य, सात महिने आणि चकलीचं पोट

कुत्रीच्या खाद्याच्या २० पिशव्या संपल्या. रिकाम्या पिशव्या आई टाकू देत नाही, जाड आणि मजबूत आहेत म्हणून. एकीत तिनं रांगोळी भरून ठेवलीय, दुसरीत दिवाळीच्या पणत्या. एवढ्या पैशात निदान डबे तरी मिळाले, असं तिचं मत. एवढं वापरून झालं, म्हणून आता या खाद्याबद्दल लिहायला हरकत नाही. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या लिहिल्या असत्या.

चकली म्हणजे आमची कुत्री. अस्सल गावठी. शेपूट पाठीवर वेटोळं करून बसलेलं असतं म्हणून पोरानं नाव ठेवलं चकली. रंकाळा तलावाच्या बाजूला पावसात भिजत बसलेली सापडली, त्याला आता तीन वर्षं होतील. वजन १४ किलो. धावण्यात, भुंकण्यात कुठंही कमी नाही, पोट मात्र काचेचं.

दोन वर्षं आमच्याकडे एकच चक्र चाललं होतं. रात्री तीनच्या सुमाराला दारावर पंजाचे दोन फटके. दोनच, तिसरा मारायला तिच्याकडे वेळ नसायचा. मी चप्पल शोधेपर्यंत कधी जमायचं, कधी नाही. पातळ शी, शेवटी शेंबडासारखी आव, एखादवेळी तांबडा ठिपका. सकाळी डॉक्टर, एक इंजेक्शन, पाच दिवस मेट्रोनिडाझोल (जंतू मारायची गोळी) आणि ठरलेला सल्ला: दोन-तीन दिवस हलकं द्या, उकडलेलं चिकन आणि मऊ भात. ती बरी व्हायची. मग पुन्हा तिचं नेहमीचं चिकनचं पाकीटबंद खाद्य. पंधरा-वीस दिवसांनी परत दोन फटके. अठरा महिन्यांत मी तो गोळ्यांचा कोर्स सात वेळा केला. त्या गोळीनं वाईट जंतूंबरोबर आतड्यातले चांगले जंतूही जातात आणि ती घडी परत बसायला बरेच दिवस लागतात, हे मला फार उशिरा समजलं.

नंतर एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी लगेच काही दिलं नाही. आधी एक दिवसाआड तीन वेळा शीचा नमुना आणायला सांगितला. जिआर्डियासारखे जंतू रोजच्या शीत सापडतीलच असं नसतं, म्हणून तीन. मी नमुना श्रीखंडाच्या डबीत घेऊन गेलो. डबीवर ‘केशर-वेलची’ लिहिलेलं होतं, ते वाचून लॅबमधल्या पोराचा जो चेहरा झाला तो अजून आठवतो. जंत निघाले नाहीत. रक्तातलं बी-१२, स्वादुपिंडाची तपासणी, कॉर्टिसॉल, सगळं जागेवर. मग त्या म्हणाल्या, ‘‘ही दिवसभरात काय काय खाते ते लिहून आणा. सगळं. तुम्हाला खाणं वाटत नाही तेसुद्धा.’’

ती यादी दीड पान झाली. पोराच्या हातची ग्लुकोज बिस्किटं. आईची दूध-चपाती, तीही गंगावेशच्या कट्ट्यावरनं आणलेल्या म्हशीच्या धारोष्ण दुधात. माझ्या ताटातला रश्श्यात बुडवलेला भाकरीचा तुकडा. वॉचमनकाकांचा पाव. दात घासायची म्हणून विकत आणलेली कांडी. आणि चिकन: खाद्यात चिकन, कांडीत चिकन, बक्षिसाच्या तुकड्यात चिकन, आजारपणात तर नुसतं चिकनच. ज्यानं ती बरी होते असं आम्ही दोन वर्षं धरून चाललो होतो तेच तिला बाधत असेल, ही शंका पहिल्यांदा त्या कागदाकडे बघताना आली. मग ती बरी कशी व्हायची? गोळीनं, उपासानं आणि बहुतेक वेळा नुसते तीन दिवस गेल्यानं. अचानक लागलेले जुलाब पुष्कळदा आपोआप थांबतात. श्रेय चिकन-भाताला जायचं.

कुत्र्यांना अन्नातून ज्या गोष्टी जास्त बाधतात त्यात बीफ, दूध, चिकन आणि गहू वरच्या क्रमांकाला आहेत. रक्तावरून किंवा केसावरून ॲलर्जी सांगणाऱ्या तपासण्या मिळतात. मी विचारलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अन्नाच्या बाबतीत त्यावर भरवसा ठेवता येत नाही. खरी परीक्षा एकच, आठ आठवडे एकच अन्न. आतड्याचा त्रास असेल तर दोन-तीन आठवड्यांतच फरक दिसायला लागतो, पण चकली पायही सारखे चाटायची आणि कातडीला जास्त वेळ लागतो, म्हणून आठ.

अन्न कोणतं, तर हायड्रोलाइज्ड प्रोटीनचं. म्हणजे प्रथिनांचे एवढे बारीक तुकडे केलेले असतात, की शरीराच्या पहारेकऱ्याला, म्हणजे प्रतिकारशक्तीला, ते ओळखूच येत नाहीत. घर पाडून विटांचा चुरा केल्यावर ते कुणाचं होतं हे शेजाऱ्यालासुद्धा सांगता येत नाही, तसं. मूळ प्रथिन कुणी सोयाबीनचं घेतं, कुणी कोंबडीच्या यकृताचं, कुणी तर चक्क पिसांचं. आमचं सोयाबीनवालं होतं. कधीही न खाल्लेल्या प्राण्याचं मांस देणं हा दुसरा मार्ग, पण रस्त्यावर वाढलेल्या कुत्रीनं काय खाल्लं नसेल हे कोण सांगणार? आणि हे कोल्हापूर आहे.

जूनच्या मध्याला सुरुवात केली. जुन्यात नवीन मिसळत आठ दिवसांत बदल केला: आधी पाव हिस्सा, मग निम्मं, मग पाऊण. पहिलं निखळ ताट तिनं हुंगलं, माझ्याकडे बघितलं आणि वाटी नाकानं ढकलत पार चपलांच्या कपाटाखाली घातली. दाण्याला वास ओल्या पुठ्ठ्याचा. मी एक चाखून बघितला (हो, बघितला), मागे जरा कडवट. दीड दिवस तिनं उपास केला. कोमट पाणी घालून दहा मिनिटं मुरवल्यावर खायला लागली. ही युक्ती पिशवीवर लिहिलेली नव्हती.

किती द्यायचं याचाही हिशेब डॉक्टरीणबाईंनीच घातला. १४ किलोच्या कुत्रीला नुसतं पडून राहायला साधारण ५०० कॅलरी लागतात, हिंडती-फिरती आणि पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालेली म्हणून त्याच्या १.६ पट, म्हणजे ८०० च्या आसपास. या खाद्याच्या किलोत सुमारे ३९०० कॅलरी. म्हणजे दिवसाला २०५ ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा काढला तेव्हा कळलं, की मी पूर्वी ‘एक वाटी’ म्हणून जे घालत होतो ते तीनशेच्या वर भरत होतं. पोट बिघडायला हे एक कारणही पुरेसं असतं.

आता या अनुभवातला सगळ्यात अवघड भाग. तो म्हणजे खाद्य नव्हे, घर.

पोराला बिस्किटांचं पटलं, वॉचमनकाकांना पटलं. आईला नाही. ‘‘आमच्या घरात चार कुत्री झाली, सगळी दूध-चपातीवर म्हातारी होऊन मेली. दुधानं कुणाचं काय बिघडतंय व्हय रे?’’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरंच होतं. ती कुत्री तशीच जगली. ही वेगळी आहे, एवढंच मी म्हणत राहिलो. तिसऱ्या आठवड्यात आखाड आला. रविवारी शेजारी पाहुणे, मटणाबरोबर चिकनही शिजलेलं, आणि भिंतीवरून कुणीतरी मायेनं हाडं टाकली. हाड तर वाईटच, पण त्याला लागलेला तांबडा रस्सा त्याहून वाईट. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, हे माहीत असल्यामुळे मी दोन दिवस तिच्या हिरड्या उघडून रंग बघत होतो. हिरड्या गुलाबीच राहिल्या. मंगळवारी रात्री दारावर दोन फटके. आठ आठवड्यांची मोजणी परत पहिल्या दिवसापासून.

त्या रात्री आई माझ्याबरोबर गॅलरीत आली. मी टॉर्च मारून बघतोय, चकली थरथरतेय, आणि आई पाण्याची बादली घेऊन उभी. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी जाऊन शेजारणीला तिनं जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून या प्रयोगाची खरी फौजदार तीच.

आणखी एक फट मला माहीतच नव्हती. गोचिडीची चघळायची गोळी, जंताची ‘चविष्ट’ गोळी, पोटासाठी दिलेली प्रोबायोटिक पूड, या सगळ्यांत चवीला मांसाचा अंश असू शकतो. आठ आठवडे हे बंद, त्याऐवजी मानेवर लावायचं गोचिडीचं औषध आणि बिनचवीची जंताची गोळी. कुणी हा प्रयोग करणार असेल तर हे आधी डॉक्टरांना विचारून घ्या. एका गोळीपायी महिना वाया जातो.

शीची नोंद पोराच्या जुन्या गणिताच्या वहीत ठेवली. १ ते ७ असे आकडे असतात: १ म्हणजे खड्यासारखी कडक, ७ म्हणजे निव्वळ पाणी, २-३ उत्तम. जूनच्या पानांवर ५, ६, ५, ७, ६. मोजणी परत सुरू झाल्यावर दहाव्या दिवशी पहिला ३ दिसतो, त्याच्यापुढे पोरानं फटाका काढलाय. ऑगस्टमध्ये सलग १९ दिवस ३. शीचं प्रमाणही निम्म्यावर आलं आणि कागदानं उचलली तर फरशीवर डाग राहीना. पाय चाटणं मात्र बऱ्याच उशिरा, सहाव्या-सातव्या आठवड्यात कमी झालं. वारा सरणं अजून आहे, त्यात फरक नाही.

प्रयोग पुरा करायचा तर संशयित पदार्थ परत देऊन बघावा लागतो, नाहीतर आपण नुसता अंदाज करत राहतो. वेळ आली ती नेमकी श्रावणात. श्रावणात माझ्या गॅसवर कोंबडी उकडणार नाही, हा आईचा निर्णय अंतिम. गणपती गेल्यावर मुहूर्त लागला. रोज चिकनचे दोन तुकडे, बिनमिठाचे, बाकी सगळं तेच. पहिला दिवस ३. दुसरा दिवस ४. तिसऱ्या रात्री दोन फटके, आव आणि सकाळपासून पाय चाटणं. चिकन बंद केल्यावर पाच दिवसांत सगळं परत जागेवर. पुढे एकेक करून उकडलेलं अंडं चाललं, चपाती चालली, बिनहाडाचं मटण चाललं. दुधानं त्याच रात्री पातळ झाली. पण ती ॲलर्जीच असेल असं नाही, वाढ झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही, आणि म्हशीचं दूध वर आणखी जड.

आता तक्रारी. पहिली किंमत. महिन्याला साडेसहा-सात हजार रुपये, आमच्या घरात हा आकडा मोठ्यानं बोलत नाहीत. दुसरी, माल. दोनदा दुकानात नव्हता, एकदा नऊ दिवस वाट बघितली, तेव्हापासून एक पिशवी कायम शिल्लक ठेवतो. तिसरी, पिशवी बंद करायची पट्टी. दोन आठवड्यांत धरेनाशी होते, आणि जुलैतल्या आमच्या पावसात दाणे मऊ पडून कुबट वास यायला लागतो. आता पिशवीच अख्खी पिठाच्या स्टीलच्या डब्यात ठेवतो, दाणे डब्यात ओतत नाही, नाहीतर जुनं तेल बुडाला चिकटून खवट होतं.

ऑक्टोबरमध्ये खर्चाला कंटाळून दुसरं खाद्य आणलं. पिशवीवर मोठा मेंढा. चौथ्या दिवशी वहीत ६. चष्मा लावून मागचा बारीक मजकूर वाचला, तर मेंढ्यानंतर दुसऱ्या क्रमांकाला चिकन मील (कोंबडीची भुकटी) आणि पुढे चिकन फॅट. चूक माझीच, चित्र वाचलं, यादी वाचली नाही. नुसतं घरचं शिजवून घालायचा विचारही केला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नुसतं मटण-भात महिनोन्महिने दिलं तर कॅल्शियम आणि बरंच काही कमी पडतं, हौस असेल तर आहार नीट आखून घ्या. ती हौस मला परवडली नाही. सध्या मुख्य खाद्य ते सोयाबीनवालंच, आणि वरचं सगळं दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्श्यात, म्हणजे ८० च्या आत: एक अंडं (साधारण ७५ कॅलरी), नाहीतर रविवारी मटणाचे दोन-तीन तुकडे, नाहीतर उकडलेला तांबडा भोपळा.

आणखी एक दुखणं या खाद्यानं गेलं नाही. आठवड्यातून दोनदा पहाटे पिवळं पाणी ओकायची. रिकाम्या पोटी पित्त वर येतं. त्याला इलाज फुकटचा निघाला: २०५ ग्रॅममधलेच तीसेक दाणे रात्री अकराला. महिनाभरात एकदाच ओकली.

कुत्र्याचं पोट वर्षातून एकदा बिघडत असेल तर या खाद्याच्या वाटेला जाऊ नका, गरज नाही. पिल्लू असेल, रक्त पडत असेल, शी डांबरासारखी काळी असेल, पाणीही पोटात ठरत नसेल, तर कुठलं खाद्य हा विचारच करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना. पण माझ्यासारखं दर तीन आठवड्यांनी तेच तेच चाललं असेल, जंत नाहीत हे बघून झालं असेल आणि घरातली सगळी माणसं दोन महिने हात आवरणार असतील, तर पैसे वसूल होतात. घरातलं एक माणूस जरी फितूर असेल तर होत नाहीत.

या रविवारी मटण होतं. आईनं मसाला घालायच्या आधी तीन तुकडे वेगळ्या पातेलीत काढले, हाडं बघून घेतली, बोटानं दोनदा चाचपली. मी म्हटलं, चार घाल की. म्हणाली, ‘‘वहीत लिवलंय काय चार?’’