तखल्लुस घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता?

गझल लिहायला लागून वर्ष-दोन वर्षं झाली, मुशायऱ्यात नाव पुकारलं जाऊ लागलं, की तखल्लुसचा, म्हणजे गझलेच्या ओळीत गुंफायच्या कविनामाचा, हा प्रश्न येतोच. बहुतेक जण तो घाईत सोडवतात. कानाला गोड लागणारा एखादा उर्दू शब्द उचलायचा, फेसबुकवर नावापुढे जोडायचा आणि मोकळं व्हायचं. पुढे चार-दोन गझला झाल्या की कळतं, हा शब्द शेवटच्या शेरात, म्हणजे दोन ओळींच्या कडव्यात, बसतच नाही, आणि बसवला तर तिथे नुसता उभा राहतो. तखल्लुस पाळायचा असतो गझलेच्या आत. त्यामुळे फारसी आणि उर्दूतल्या कवींनी तो कुठून घेतला आणि त्याच्याकडून काय काम करून घेतलं, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिलं तर निर्णय सोपा होतो.

आपल्याकडचं टोपणनाव आणि तखल्लुस यांत मोठा फरक आहे. केशवसुत, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज ही नावं पुस्तकावर येतात, कवितेच्या ओळीत येत नाहीत. तखल्लुस ओळीत येतो. त्याचं जवळचं नातं ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ यांच्याशी आहे. फारसी गझलेत ही रीत बाराव्या शतकाच्या सुरुवातीला सनाई या कवीपासून रुळू लागली आणि चौदाव्या शतकात हाफिजपर्यंत येता येता इतकी पक्की झाली की शेवटच्या शेरात नाव नसेल तर वाचकाला चुकल्यासारखं वाटावं. ज्या शेरात नाव येतं तो मक्ता.

आश्रयदात्याचं किंवा गुरूचं नाव

फारसीत तखल्लुस बऱ्याचदा दरबारातून आला. सादीचा तखल्लुस इराणातल्या फार्स प्रांताच्या अताबेग घराण्यातल्या ‘साद’ नावाच्या सत्ताधीशावरून आला असं मानतात. खाकानी आधी ‘हकाइकी’ म्हणून लिहायचा, शिरवानच्या खाकानाच्या (राजाच्या) पदरी गेल्यावर नाव बदललं. हा पर्याय आज आपल्यापुढे नाही, त्यावर फार थांबत नाही.

गुरूचं नाव घेण्याची तऱ्हा मात्र फार सुंदर आहे. मौलाना रूमीने गझलांचा अख्खा दिवाण, म्हणजे संग्रह, गुरू शम्स तबरेजीच्या नावावर केला. शेवटच्या ओळीत नाव येतं ते आपलं नाही, शम्सचं. कधी तेही नाही, फक्त ‘खामोश’, म्हणजे गप्प. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण आपल्याकडे ‘एका जनार्दनी’ आहे, ‘नामयाची जनी’ आहे. हाताशी असा गुरू आणि अशी निष्ठा असेल, तर ती मुद्रा ठरवावी लागत नाही, आपोआप येते. नुसती शैली म्हणून उचलली, तर दोन गझलांत उघडी पडते.

जामीने गाव आणि श्रद्धास्थान दोन्ही एका शब्दात साधले. त्याचा जन्म जाम इथला आणि शेख अहमद जाम या सूफी संतावर त्याची श्रद्धा. माझा तखल्लुस दोन अर्थांनी जामी आहे, असं त्याने स्वतःच पद्यात सांगून ठेवलं आहे. त्यात ‘जाम’ म्हणजे प्याला हा अर्थही खेळवला आहे.

निवडून घेतलेला शब्द

तखल्लुस म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो हाच प्रकार. रघुपती सहाय झाले ‘फिराक’, म्हणजे विरह. अब्दुल हयी झाले ‘साहिर’, जादूगार. असरार हसन खान ‘मजरूह’, जखमी. बेदिल, सौदा, आतिश, जोश, जिगर, सगळे याच रांगेतले. फायदा उघड आहे: अर्थ तुम्ही निवडता, जात-धर्म-घराणं मागे राहतं, आणि वाचक तुम्हाला तुम्ही निवडलेल्या नावाने ओळखतो. गोरखपूरचे सहाय उर्दूचे ‘फिराक’ झाले, ते आज दुसऱ्या कुठल्या नावाने आठवत नाहीत.

तोटा असा, की चांगले शब्द आधीच घेतलेले असतात. दोन कवींचा एकच तखल्लुस ही उर्दूत जुनी कटकट आहे. मुहंमद मीर नावाचे कवी आधी ‘मीर’ म्हणून लिहीत, पण मीर तकी मीर असे तळपले की त्यांना ‘सोज’ व्हावं लागलं. गालिबची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. नाव असदुल्लाह, म्हणून आधी तखल्लुस ‘असद’. एकदा कुणीतरी ‘असद’ हे नाव असलेला एक सुमार शेर त्यांचा समजून त्यांच्यापुढेच वाखाणला. गालिब म्हणाले, हा दुसऱ्या कुणा असदचा असेल तर त्याच्यावर देवाची कृपा असो, आणि माझा असेल तर माझ्यावर धिक्कार असो. अशाच कटकटीतून त्यांनी ‘गालिब’ हे नाव घेतलं, असं सांगतात.

आजच्या कवीला हा धोका जास्त आहे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कितीतरी शेरांत कुणीतरी ‘गालिब’ घुसडून दिलेलं असतं. शिवाय सुटा शेर फिरतो तेव्हा नाव फक्त मक्त्यापुरतं सोबत जातं, बाकीचे सगळे शेर अनाथच हिंडतात. त्यामुळे ‘चोरी होऊ नये म्हणून तखल्लुस’ हे कारण मला पटत नाही. त्या कारणाने घेणार असाल तर नका घेऊ.

दुसरा तोटा जास्त गंभीर. निवडलेला शब्द पुष्कळदा नुसती हाक होऊन बसतो. उर्दू कवी दागचा हा मक्ता बघा:

नहीं खेल ऐ ‘दाग’ यारों से कह दो
कि आती है उर्दू जबाँ आते आते

शेर अप्रतिम आहे. पण ‘दाग’ या शब्दाचा डाग किंवा चटका हा अर्थ इथे काही काम करत नाही, तिथे फक्त नाव आहे. दागच्या हातात भाषाच अशी होती की त्याला ते परवडलं. नवख्याच्या मक्त्यात असा शब्द भरतीचा वाटतो.

आपल्याच नावातला शब्द

मला स्वतःला हा पर्याय सगळ्यांत भक्कम वाटतो आणि याचं सर्वोत्तम उदाहरण आपल्या औरंगाबादचं आहे. अठराव्या शतकातले सय्यद सिराजुद्दीन, म्हणजे सिराज औरंगाबादी. ‘सिराज’ म्हणजे दिवा. ‘खबर-ए-तहय्युर-ए-इश्क सुन’ ही त्यांची गझल आजही कव्वाल गातात. तिचा मक्ता असा:

किया खाक आतिश-ए-इश्क ने दिल-ए-बेनवा-ए-‘सिराज’ कूँ
न खतर रहा न हजर रहा मगर एक बेखतरी रही

प्रेमाच्या आगीने सिराजच्या गरीब काळजाची राख केली, आता ना धोका उरला ना सावधगिरी, उरला तो फक्त निर्भयपणा. जळून गेला तो सिराज नावाचा माणूस, आणि जळणं हे तर दिव्याचं कामच. कवीने वेगळं काही सांगितलं नाही. नाव ओळीत ठेवलं आणि नावानेच उपमा पुरवली. बाहेरून शब्द आणण्याची गरज पडली नाही, कारण तो जन्मापासून जवळ होता.

मोमिन खान यांचंही तसंच. नावच मोमिन, म्हणजे श्रद्धावान मुसलमान.

उम्र तो सारी कटी इश्क-ए-बुताँ में ‘मोमिन’
आखिरी वक्त में क्या खाक मुसलमाँ होंगे

‘बुत’ म्हणजे मूर्ती आणि उर्दू कवितेच्या संकेताने प्रेयसीही. सगळं आयुष्य मूर्तींच्या प्रेमात गेलं, आता शेवटच्या घटकेला काय डोंबल मुसलमान होणार! हा शेर दुसऱ्या कुठल्याही तखल्लुसने म्हणून बघा, अर्धा जीव जातो. ‘दाग’ घाला, ‘गालिब’ घाला, विसंगतीच नाहीशी होते. तखल्लुस काम करतो म्हणजे काय, ते या एका शेरात दिसतं.

इक्बाल यांनीही आपलंच नाव ठेवलं. फैज अहमद तर ‘फैज अहमद फैज’ झाले, नाव दोनदा आलं तरी कुणाला खटकलं नाही. ब्रिजनारायण चकबस्त यांनी आडनावच तखल्लुस म्हणून चालवलं. हैदराबादच्या महलका बाईंचा तखल्लुस होता ‘चंदा’, तोही साधा घरगुती शब्द. त्यांचा उर्दू दिवाण स्त्रियांनी केलेल्या सुरुवातीच्या दिवाणांत मोजतात.

मराठीत पाहायचं तर इलाही जमादार. सांगली जिल्ह्यातल्या दुधगावचा हा गझलकार आपल्याच पहिल्या नावाने मक्ते लिहीत राहिला. ‘इलाही’ या शब्दात ईश्वराचा उल्लेख आहे, म्हणून मक्त्यात तो स्वतःला हाक मारतोय की देवाला, ही जागा कायम मोकळी राहते. तुमच्या नावात असा एखादा शब्द आहे का, हे आधी तपासा. प्रकाश, सागर, किरण, माधव, तुषार, वसंत: मराठी घरांतली निम्मी नावं अर्थाच्या बाजूने तरी बिनबोभाट तखल्लुस होऊ शकतात. त्यासाठी उर्दू शब्दकोश उघडायची गरज नाही.

वजन

याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि नडतं हेच. वजन म्हणजे शब्दातल्या लघु-गुरूंचा क्रम: ‘ल’ म्हणजे लघु, ‘गा’ म्हणजे गुरू. उर्दूत ‘गालिब’चं वजन गागा, ‘असद’चं लगा, ‘मीर’ आणि ‘दाग’ यांचं गाल. गालिबची ही ओळ घ्या:

पूछते हैं वो कि ‘गालिब’ कौन है

गालगागा गालगागा गालगा. दुसऱ्या गालगागामधल्या शेवटच्या दोन गुरूंवर ‘गालिब’ अलगद बसलाय. आता हे पाहा:

गम-ए-हस्ती का ‘असद’ किस से हो जुज मर्ग इलाज
शमअ हर रंग में जलती है सहर होते तक

इथे त्या जागी ललगागा असं वजन आहे. ‘का’ ऱ्हस्व उच्चारायचा, मग ‘अ’ लघु, ‘सद’ गुरू. ‘गालिब’ इथे घुसवायचा तर ओळ मोडून नव्याने बांधावी लागली असती. गालिबने नाव बदललं तरी ‘असद’ पुरता टाकला नाही, गरज पडेल तिथे वापरत राहिला. दोन वजनांची दोन नावं हाताशी असणं ही केवढी सोय!

मराठीत मात्र हिशेब बदलतो. उर्दूत ‘सद’ हा एक गुरू होतो, आपल्या अक्षरगणवृत्तात ‘असद’ म्हणजे सरळ तीन लघु. ‘गालिब’ होतो गा-ल-ल. म्हणजे उर्दूत सहज बसणारा तखल्लुस मराठीत अडेल. तुम्ही दोन्ही भाषांत लिहिणार असाल तर दोन्हीकडे वजन न बदलणारं नाव शोधा. ‘मीर’ दोन्हीकडे गाल. ‘इलाही’ दोन्हीकडे लगागा, म्हणजे यगण. भुजंगप्रयात चार यगणांचं वृत्त, म्हणजे चारांपैकी कुठल्याही जागी हे नाव तसंच्या तसं बसतं. व्योमगंगा या चार गालगागांच्या वृत्तातही गालगागामधल्या पहिल्या गुरूनंतर ते चपखल येतं. उलट ‘विमल’, ‘किरण’ यांसारखी तीन लघूंची नावं या दोन्ही वृत्तांत सूट घेतल्याशिवाय बसणार नाहीत. त्यांचा अर्थ कितीही चांगला असला, तरी प्रत्येक मक्त्यात झगडावं लागेल, हे आधी कबूल करून घ्या.

गावाचं नाव

देहलवी, लखनवी, गोरखपुरी, बदायुनी. हा खरं तर तखल्लुस नाही, तखल्लुसाच्या मागे लागणारी ओळख आहे. मक्त्यात येतो तो ‘दाग’, ‘दाग देहलवी’ नाही. दोन समान तखल्लुस वेगळे ओळखायला ती उपयोगी पडते आणि गाव सुटल्यावर गावाचा धागा राखते: दाग हैदराबादेत वारले, साहिरचं बरंचसं आयुष्य मुंबईत गेलं, पण एक देहलवीच राहिला आणि दुसरा लुधियानवी. नागपुरी, परभणवी लावायला हरकत काहीच नाही. पण त्याने मक्त्याचा प्रश्न सुटत नाही.

काहीच न घेणं

मराठी गझलेत मक्त्याची सक्ती कधी रुजली नाही. सुरेश भटांच्या गाजलेल्या गझलांच्या शेवटी कवीचं नाव येत नाही, आणि त्यांतलं काही उणं पडलेलं नाही. आजचे अनेक उर्दू शायरही बिनमक्त्याच्या गझला लिहितात. तुमचा शेवटचा शेर बाहेरच्या जगाकडे बोट दाखवत संपत असेल, स्वतःकडे वळून बघणं तुमच्या स्वभावात नसेल, तर तखल्लुस नकोच. मक्ता म्हणजे कवीने स्वतःला समोर बसवून बोलणं. ते ज्याला आवडतं त्यालाच तखल्लुसची गरज.

माझं मत विचाराल तर क्रम असा: आधी आपलं नाव तपासा. त्यात अर्थ आहे आणि वजन सोयीचं आहे, तर दुसरं काही शोधू नका. नाही जमलं तर असा शब्द घ्या ज्याच्याशी भांडता येईल, जो ‘मोमिन’सारखा तुमच्या जगण्याच्या विरोधात उभा राहील. ‘दर्द’, ‘तनहा’, ‘घायाळ’ असे आधीच दुःखी असलेले शब्द टाळा. गझल दुःखाचीच असते, नावानेही तेच सांगितलं तर मक्त्यात नवं काही उरत नाही.

आणि नाव जाहीर करण्याआधी त्या नावाचे पाच मक्ते लिहून बघा, वेगवेगळ्या वृत्तांत. निदान दोन मक्ते असे हवेत, की तिथे दुसरं नाव घातलं तर शेर पडेल. नाही पडला, तर शब्द बदला. इराणच्या शहरियार यांनी ‘बहजत’ हे पहिलं नाव टाकलं तेव्हा हाफिजच्या दिवाणातून कौल घेतला आणि ‘शहरियार’ शब्द आला. उर्दू कवी मीर अनीस आधी ‘हजीं’ होते, कवी नासिख यांच्या सांगण्यावरून अनीस झाले असं म्हणतात. बदल झाले ते नाव लोकांच्या तोंडी पक्कं बसायच्या आत. एकदा संग्रह छापून आला, निवेदक त्या नावाने पुकारू लागले, की मग जुन्या मक्त्यांतून नाव उपटून काढणं म्हणजे त्या गझला पुन्हा लिहिणं.