गुलमर्गचे स्कीइंग : श्रीनगरहून एका दिवसाची सहल की तेथेच मुक्काम?

फेब्रुवारीत काश्मीरला निघालेले पुण्यातील एक कुटुंब सध्या याच पेचात आहे.

खर्चात एका दिवसाची सहल निश्चितच स्वस्त पडते, कारण गुलमर्गमधील हॉटेले हंगामात महाग असतात.

वेळेचे गणित मात्र वेगळे आहे. अंतर सुमारे ५० किलोमीटरच असले, तरी वाटेतील टंगमर्ग गावाच्या पुढे घाटात बर्फ साचले, की चाकांना साखळ्या लावलेली गाडी घ्यावी लागते. त्यानंतर स्कीइंगचे बूट निवडायचे. ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवताच किंचित मागे सरावीत, इतका तो घट्ट हवा. येथे घाई केली तर दिवसभर पाय दुखतो. स्कीची, म्हणजे बुटांना जोडलेल्या लांब पट्ट्यांची, पुढची टोके जवळ आणि मागची बाजू फाकवून थांबणे जमू लागते, तोवर परतायची वेळ होते. मुक्कामात हाच सराव दुसऱ्या दिवशी पुढे नेता येतो, शिवाय सुमारे २,६५० मीटर उंचीची शरीराला सवय होते आणि हवा बिघडली तरी एक दिवस हाताशी उरतो.

गुलमर्गलगतच्या अफरवट शिखराच्या माथ्याकडील उतारांचा मोह नवशिक्यांनी दोन्ही पर्यायांत टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोबत लहान मुले वा वृद्ध असतील आणि केवळ अनुभव घ्यायचा असेल, तर गाइडसह सहल योग्य. खरोखर शिकायचे असेल, तर किमान तीन रात्रींचा मुक्कामच करावा.