स्टार्टिंग ब्लॉक : एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरून झाल्यावर

होळीच्या सुमारास घेतलेला स्टार्टिंग ब्लॉक, म्हणजे शर्यतीत सुटताना पाय रोवून रेटा द्यायचा ठोकळा, दिवाळी तोंडावर आली तरी रोज वापरात आहे, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. घरात वापरणाऱ्या दोघी. लेक चौदा वर्षांखालच्या गटात १०० आणि २०० मीटर धावते, मी मास्टर्स म्हणजे प्रौढांच्या गटात. मास्टर्सला ब्लॉकची सक्ती नसते, उभं राहून सुरुवात केली तरी चालते. त्यामुळे बरोबरीच्या बायका "कशाला गं हा उपद्व्याप" असं तोंडावर म्हणतात. लेकीला मात्र पुढे जायचं असेल तर सुटका नाही. मोठ्या स्पर्धांत ४०० मीटरपर्यंतच्या सगळ्या शर्यती ब्लॉकवरूनच सुटतात.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जालंधर-मेरठकडून येणारे या किमतीतले बहुतेक ब्लॉक एकाच धाटणीचे. मधे अॅल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर खाचा, पाय टेकवायची दोन पेडल, प्रत्येकाला चार-पाच कोन. साडेतीन हजारांच्या आसपास पडला. घेताना एकच गोष्ट बघितली, पट्टीवर आकडे कोरलेले आहेत की नाही. चकचकीत रंग, जाड रबर, बरोबर येणारी पिशवी, हे सगळं त्यानंतर. ब्लॉकवर पैसे घालायचे ते रोज पाय त्याच जागी पडावा म्हणून. आज एका अंतरावर, उद्या दुसऱ्या अंतरावर सराव केला तर स्टार्ट सुधारला की बिघडला हे कळणार कसं?

आता ते अंतर. आमचे सर पावलांनी, म्हणजे टाचेला अंगठा लावून, मोजायला लावतात. सुरुवातीच्या रेघेपासून पुढचं पेडल स्वतःच्या दोन पावलांवर, मागचं तिसऱ्या पावलावर. सुरुवात तिथून करायची आणि मग माणसागणिक खाच पुढेमागे. लेकीला दोन्ही पेडल जवळजवळ हवी असायची, मधे जेमतेम २५ सेंटीमीटर. "आई, अशी मी पटकन सुटते," हे तिचं म्हणणं. सुटायची पटकन, खोटं नाही. पण पाय इतके जवळ असले की ब्लॉकवर जोर लावायला वेळच मिळत नाही, पाय ब्लॉकवरून लवकर सुटतो, पण वेग कमी घेऊन सुटतो. फार लांब ठेवले तर उलट, जोर भरपूर आणि निघायला उशीर. मधलं अंतर, म्हणजे ३० ते ५० सेंटीमीटरच्या दरम्यानचं, बहुतेकांना मानवतं ते यामुळेच. तिचं मागचं पेडल दोन खाचा मागे गेलं. आठवडाभर कुरकुर झाली. मग मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दहा मीटरचे जुने-नवे व्हिडिओ शेजारी लावून दाखवले, तेव्हा गप्प बसली.

पुढे कुठला पाय, यावर ग्राउंडवर रोज वाद. मागून हळूच ढकललं की तोल सावरायला जो पाय आधी पुढे पडतो तो मागच्या पेडलवर, ही जुनी युक्ती सुरुवातीला बरी. उडी मारायचा भक्कम पाय बहुधा पुढे येतो, कारण पुढचा पाय ब्लॉकवर जास्त वेळ असतो आणि एकूण रेटा त्याचाच मोठा. म्हणून मागचा पाय नुसता टेकवायचा असं नाही. त्याने पहिला जोरदार धक्का द्यायचा आणि लगेच निघायचं. आमच्याकडची निम्मी पोरं मागचा पाय शोभेला ठेवतात. ब्लॉकच्या मागे बसून बघा, 'सेट'ला (सुटण्याआधी कंबर उचलून स्थिर व्हायचा इशारा) मागच्या पेडलपासून टाच सुटलेली दिसते आणि स्टार्ट मिळाल्यावर ती आधी मागे जाते, मग पोरगं पुढे. सर अशा वेळी मागे उकिडवे बसतात आणि टाचेमागे बोट धरतात. 'सेट' म्हटल्यावर टाचेने बोट दाबलं गेलं पाहिजे. स्पाइक्सचं, म्हणजे खिळ्यांच्या बुटाचं, टोक मातीला टेकलेलं, चवडा पेडलवर, पोटरी ताणलेली. कंबर खांद्यापेक्षा थोडी वर, पुढचा गुडघा काटकोनाच्या आसपास, मागचा १२० ते १३० अंशांत.

पेडलचा कोन हा या ब्लॉकमधला सगळ्यात दुर्लक्षित भाग. विकत घेताना दोन्ही पेडल उभट लावलेली येतात आणि लोक तशीच ठेवतात. आम्ही पुढचं दोन घरं खाली पाडलं. पेडल जितकं आडवं तितकी पोटरी आधीच ताणली जाते. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९२ मध्ये ७०, ५० आणि ३० अंशांवर हे तपासलं होतं, आणि पुढचं पेडल आडवं होत गेलं तसा ब्लॉक सोडतानाचा वेग वाढला होता. मला स्वतःला अगदी आडवं सोसत नाही, घोट्यात कळ येते, म्हणून मी मधल्या घरावर. लेक खुशाल सगळ्यात खाली लावते.

आमचं ग्राउंड ऐरोलीतलं, भरावावर मुरूम टाकलेलं. मे महिन्यात त्यात ब्लॉक रोवायचा खिळा ठोकायचा म्हणजे हातोडी उसळून परत येते. जूनमध्ये तोच खिळा दोन स्टार्टमध्ये लोण्यातून सुरी यावी तसा वर येतो. पाऊस लागला की आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये. तिथे खिळे नाहीत, खाली जुना रबरी मॅट आणि मागे कुणीतरी ब्लॉकवर पाय रोवून उभं. बहुधा वॉचमन काका. तीन पावलांपुरता सराव होतो, पण 'सेट'ची बैठक पक्की करायला तेवढं पुरतं.

मातीला नावं ठेवतात, पण एक गोष्ट सिंथेटिक (रबरी) ट्रॅकवर मिळत नाही. मातीवर पहिलं पाऊल छापून राहतं. फक्कीच्या रेघेपासून ते किती लांब पडलं, बोटं घासत गेली की पाय उचलला, सगळं वाकून वाचता येतं. पाऊल फार पुढे पडलं की टाचेकडचा ठसा खोल, म्हणजे ब्रेक लागला. ब्लॉक येण्याआधी तर धावपटू मातीतच खड्डे करायचे. जेसी ओवेन्सने १९३६ मध्ये बर्लिनला छोट्या खुरपीने स्वतःचे खड्डे खणले होते. ऑलिंपिकमध्ये ब्लॉक आले ते १९४८ ला, लंडनमध्ये. आमच्याकडे ज्यांच्याजवळ ब्लॉक नाही ती पोरं आजही टाचेने खड्डा करतात, आणि काहींचे स्टार्ट उत्तम आहेत.

२०० मीटरला ब्लॉक सरळ लावू नका. लेनच्या बाहेरच्या कडेला सरकवून, तोंड आतल्या रेघेकडे तिरकं, म्हणजे पहिली काही पावलं सरळ पडतात. डावा हात रेघेच्या किंचित मागे येतो, तो तसाच यायला हवा.

बालेवाडीला सिंथेटिक ट्रॅकवर लेकीला आयोजकांचा ब्लॉक मिळाला. त्याच्या खाचा वेगळ्या, आकडे वेगळे. आपल्या पट्टीवरचा सातवा आकडा तिथे काही कामाचा नाही. म्हणून आकड्यांच्या जोडीला पावलं आणि सेंटीमीटर पाठ हवेत. रेघेपासून पुढचं आणि मागचं पेडल, तिचे ४८ आणि ७८, माझे ५२ आणि ८६. मास्किंग टेपवर लिहून स्पाइक्सच्या पिशवीत चिकटवलेत.

आता तक्रारी. मागच्या पेडलचा स्क्रू दर काही दिवसांनी ढिला पडतो आणि पेडल कोनातून घसरतं. स्टार्टच्या ऐन वेळी हे झालं तर घोटा गेलाच. सरावाआधी पान्याने आवळणं आलं. पुढच्या पेडलचं रबर पावसाळ्यात एका कोपऱ्यातून सुटलं, फेविबॉन्डने बसवलंय. खाडीच्या हवेने लोखंडी भाग गंजतात, मशीनचं तेल लागतं. नेरूळला जायचं तर लोकलमध्ये हे धूड मांडीवर, आणि "ताई, हे कसलं मशीन?" याचं उत्तर तुर्भ्यापर्यंत.

दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी मी हा घेणार नाही, त्याला आधी मातीत खड्डा करून धावू दे. आठवड्यातून तीन-चार दिवस स्टार्टचा सराव करणाऱ्याने जरूर घ्यावा. बरोबर येणारे खिळे मात्र बाजूला ठेवा, पहिल्याच मेमध्ये वाकतात. रबाळ्याला हार्डवेअरच्या दुकानात सहा इंची जाड खिळे मिळतात, किलोवर. उन्हाळ्यात ते, आणि ठोकण्याआधी जागेवर बाटलीभर पाणी ओतून दहा मिनिटं थांबा.