सेक्वोया की ताहो: आयफोनकडे झुकलेली मॅकची आवृत्ती घ्यावी का?

सेक्वोयावर, म्हणजे मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ताहोआधीच्या आवृत्तीवर, काम सुरळीत चाललं असेल, तर आधी खिशात कुठला फोन आहे ते बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या ताहो या पुढच्या आवृत्तीमधलं बरंचसं नवं आयफोनवरूनच आलंय. अँड्रॉइडवाल्यांच्या वाट्याला मुख्यतः काचेसारखं पारदर्शक रूप आणि सुधारलेला स्पॉटलाइट (मॅकवरची शोधपट्टी) येतो.

आयफोनचा स्क्रीन मॅकवर उघडणारं मिररिंग सेक्वोयातही आहे. ताहोत त्यावर वेगळं फोन ॲप मिळतं, आणि मेन्यू बारमध्ये लाइव्ह ॲक्टिव्हिटीज: टॅक्सी कुठवर आली ते फोन न उचलता कळतं. त्यावर क्लिक केलं की मिररिंग उघडतं. मेख इथे आहे. आयफोन हॉटस्पॉट देत असेल तर मिररिंग चालत नाही. म्हणजे वांद्र्याच्या कॅफेत फोनच्या नेटवर काम करणाऱ्यांना ही सोय तिथे नाहीच. घरच्या वायफायवर बसणाऱ्यांना मात्र ती खरंच उपयोगी पडते.

सगळी ॲप्स एकत्र दाखवणारं लाँचपॅड २०११ मध्ये लायन या आवृत्तीसोबत आलं होतं, तेही आयफोनच्या होम स्क्रीनवरूनच. ताहोत ते काढून टाकलंय. त्याजागी आलेली ॲप्सची खिडकी वर्गवारी स्वतःच करते, तुम्ही लावलेले फोल्डर गेले. ज्यांना त्याची सवय आहे त्यांनी सेक्वोयावरच थांबावं.

काचेमुळे अक्षरं पुसट वाटली तर सिस्टिम सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, डिस्प्ले इथे जाऊन ‘रिड्यूस ट्रान्सपरन्सी’ चालू करा. बराच फरक पडतो.

फायरवायर, म्हणजे जुने व्हिडिओ कॅमेरे जोडायची केबल, वापरणाऱ्यांनी ताहो टाकूच नये, त्याचा सपोर्ट बंद झालाय. अंधेरीतल्या ज्या एडिटिंगवाल्यांकडे अजून मिनी-डीव्ही टेपांवरची लग्नं उतरवायला येतात, त्यांनी एक मॅक जुन्याच आवृत्तीवर ठेवावा.

इंटेल चिपच्या जुन्या मॅकपैकी चारच ताहो घेतात: २०१९चा १६ इंची मॅकबुक प्रो, २०२०चा चार थंडरबोल्ट पोर्टवाला १३ इंची प्रो, २०२०चा २७ इंची आयमॅक आणि २०१९चा मॅक प्रो. त्यांच्यासाठी ही शेवटची मोठी आवृत्ती.

ॲपलच्या रिवाजाप्रमाणे मागच्या दोन आवृत्त्यांना सुरक्षा अपडेट मिळत राहतात, त्यामुळे घाई नाही. ताहो टाकायचंच ठरलं तर आधी टाइम मशीनचा बॅकअप घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा. परत सेक्वोयावर यायला मॅक पूर्ण पुसावा लागतो, आणि ताहोवर घेतलेल्या बॅकअपवर तेव्हा विसंबू नका. डाउनलोड कित्येक जीबींचं आहे, रोजच्या दोन जीबींच्या रिचार्जवर ते सुरूच करू नका.